दोन नंबरचे छर्रे

हरेश्वरीताई,

तुझ्या बाराव्याला घर माणसांनी भरलेलं असताना भावोजी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "उजला, ते छर्ऱ्यांचे डबे हायेत अजून माळ्यावर. काय करायचं त्यांचं?" मी म्हटलं, "माझ्यावर सोडा." बोलून गेले आणि जीभ चावली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तुझ्यावर कशाला? डबे माझे हायेत." मग आपण दोघींनी जेवणं आटपेपर्यंत भांडण केलं असतं. त्या दिवशी कुणी भांडलं नाही. भावोजींनी मान हलवली, मी पत्रावळी उचलल्या. तेव्हा पहिल्यांदा मला खरं कळलं की तू गेलीस.

तुझ्याबद्दल लोक काय सांगतात ते मी ऐकत होते. मुरब्याची हरेश्वरी, जत्रेतली फुगेवाली, वडिलांचा स्टॉल पोरीने चालवला, देवमाणूस. देवमाणूस तू नव्हतीस. गिऱ्हाईक बंदुकीला नावं ठेवायला लागलं की त्याच्या हातातून बंदूक काढून घेऊन, न बघितल्यासारखं करून फुगा फोडायचीस आणि बंदूक परत द्यायचीस. हे देवमाणसाचं काम नव्हे.

मीसुद्धा तुझी गिऱ्हाईकच होते. मिरजेहून बोईसरला नोकरीला आले, कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचं काम, सालवडला खोली. ओळखीचं कोणी नाही. एका रविवारी चिंचणीच्या किनाऱ्यावर एकटीच फिरायला गेले होते आणि तुझी फुग्यांची फळी दिसली. कॉलेजात एनसीसीत मी रायफल मारलेली, हे तुला माहीत असायचं कारण नव्हतं. तू नळी सांध्यातून खाली मोडून, छर्रा घालून बंदूक हातात द्यायचीस, मी फुगा फोडायचे. एक रांग संपली. दुसरी सुरू केली तेव्हा तू कंबरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिलीस.

"कोण गो तू? पोलिसातली?"

"नाही, कारखान्यातली."

"मग उद्यापासून इथं येऊ नको. माझं दुकान बसवशील." मग म्हणालीस, "नायतर असं कर, या बाजूला ये. फुगे फुगवता येतात ना?"

मी स्टॉलच्या त्या बाजूला आले ती आलेच. मग कुठलीही जत्रा असो, सुट्टीच्या दिवशी मी तुझ्याकडे. मी कुठून आले, एकटी का आले, लग्नाचं काय झालं, यातलं तू एकदाही विचारलं नाहीस. फुगे नीट फुगवले का, एवढंच विचारायचीस. त्या वर्षांत मला असंच माणूस हवं होतं. हे तुला तोंडाने कधी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतेय.

आता छर्ऱ्यांचं. पालघरचे शेठ, ज्यांच्याकडून तुझे वडीलही माल घ्यायचे, त्यांनी म्हातारपणामुळे दुकान बंद केलं. तू भेटायला गेलीस, तर त्यांनी गाळ्यात पडून राहिलेले छर्ऱ्यांचे डबे पोत्यात भरून तुझ्या पुढ्यात ठेवले. म्हणाले, घेऊन जा, तुझ्याशिवाय कोण वापरणार. तू ते पोतं टमटममधून माझ्याच खोलीवर घेऊन आलीस. घामाघूम झाली होतीस आणि चेहरा असा, की जणू बोटीला महागडे घोळ मासे लागलेत.

"फुकट ते पौष्टिक," तू म्हणालीस. "दोन वर्षं छर्रा घ्यायला नको."

मी एक डबा उघडला. छर्रा बोटात धरला आणि मला हसू आवरेना. "ताई, हे दोन नंबरचे आहेत."

तुझा चेहरा उतरला. "म्हंजे? चोरीचे? शेठ तसला माणूस नाय गो!"

मी तुला समजावलं, चोरीचे नाहीत, मापच तसं म्हणतात. साडेचार मिलिमीटरचा एक नंबर, साडेपाचचा दोन नंबर. तुझ्या दोन्ही बंदुका एक नंबरच्या. तुला कधी दुसरं माप लागलंच नव्हतं, शेठ वर्षानुवर्षं न विचारता एक नंबरच द्यायचे. तरी तू एक छर्रा नळीच्या तोंडाशी धरून अंगठ्याने दाबून पाहिलासच. तो बसेना. मग डब्याचं झाकण लावलंस आणि म्हणालीस, "छर्रे आलेत. आता बंदूक बघायला पायजे."

मी म्हटलं, "नाल सापडली म्हणून घोडा घेणारी तू पहिलीच."

"घोडा मिळतो का ते बघ आधी."

तुझ्या चुलत दिरालाही हा वेडेपणाच वाटला. जाळ्याला लावायला त्याला शिसं हवं होतं. म्हणाला, "वयनी, दे मला, वितळवतो, माझंपण काम होईल." मलाही ते पटलं होतं. तू ऐकलं नाहीस. "शेठनं छर्रे दिलेत, शिसं नाय दिलं. छर्रा म्हणून आलाय, छर्रा म्हणूनच जाईल."

तेवढ्यात तुझं ते दुखणं निघालं. छातीतली गाठ, ऑपरेशन, मुंबईच्या फेऱ्या. ते दिवस मी इथे लिहीत बसणार नाही, तुलाही ते आवडायचं नाही. पण एक गोष्ट लिहायला हवी. उजव्या काखेतल्याही गाठी काढल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, या हाताने ओढाताण करायची नाही. तू घरी आलीस तेव्हा हात सुजून जड झाला होता. स्टॉलवर बंदूक गिऱ्हाईक चढवत नाही, आपण चढवून देतो. नळी खाली मोडायची, आतली स्प्रिंग दाबली जाते, छर्रा घालायचा, नळी वर. दिवसभर हेच. म्हणजे जो हात लोकांना फक्त पदराआड दिसत होता, त्याच्यावर तुझं दुकान होतं.

गावात सगळ्यांनी गृहीत धरलं की स्टॉल संपला. भावोजी म्हणाले, बस आता घरी, मी बोटीवर जातोय ना. महिन्याभराने माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, "रविवारी सुट्टी हाय ना? बंदूक बघायला जाऊ."

तेव्हा मला वाटलं की तू डब्यांचा हट्ट धरून बसलीस. आता वाटतं, डबे निमित्त होते. नवी बंदूक घ्यायचीच होती, कारण जुन्या तुला चढत नव्हत्या. पण तसं म्हणायचं नव्हतं.

शेठांच्या मुलाने अजून काही माल विकायला ठेवला होता. दोन नंबरच्या तीन बंदुका निघाल्या. पहिली नवीकोरी, जोरदार. तू बंदुकीचं बूड मांडीला टेकवून डाव्या हाताने नळी मोडायला घेतलीस. अर्ध्यावर आली आणि तुझ्या कपाळावर शीर उभी राहिली. तू ती हळूच परत वर केलीस आणि फळीवर ठेवलीस, भाव पटला नसल्यासारखी.

दुसरी मला आवडली. टाकीत हवा भरून ठेवायची बंदूक. सकाळी एकदा पंपाने टाकी भरायची, मग दर वेळी फक्त बोटाने खटका मागे ओढायचा आणि छर्रा सारायचा. नेमही सरळ. मी म्हटलं, "ताई, हीच. पंप मी मारीन सकाळी, तू दिवसभर खुर्चीत बसून चालव."

"आणि तुझी ड्यूटी असली तर?"

"भावोजी मारतील."

"आणि ते बोटीवर असले तर?" तू बंदूक माझ्या हातात परत दिलीस. "दुसऱ्यानं भरलेल्या हवेवर दुकान नाय चालवायचं मला."

तिसरी मागच्या खोलीत होती, दस्त्याला पितळेची तार गुंडाळलेली. शेठांचा मुलगा स्वतःच म्हणाला, ही नका घेऊ मावशी, हिची स्प्रिंग थकलीय. तू म्हणालीस, "माझीपण," आणि डाव्या हाताने नळी मोडलीस. ती सहज खाली आली. तू पुन्हा मोडलीस, पुन्हा वर केलीस. तुझ्या तोंडावर जे आलं ते बघून मी पुढे बोललेच नाही. तिथे नाही बोलले. टमटममध्ये बसल्यावर बोलले, सालवडच्या फाट्यापर्यंत बोलले. थकलेली स्प्रिंग आणि जड छर्रा, म्हणजे छर्रा हळू जाणार, वाटेतच खाली पडणार, दहा पावलांवर नेम लागणार नाही, लोक शिव्या देतील. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

तुझ्या गावी, मुरब्याच्या किनाऱ्यावर, दुपारी ओहोटीला आपण ती मारून बघितली. वाळूची पोती रचली, मागे बोईसरच्या भंगारातून आणलेला कन्व्हेयरचा जाड रबरी पट्टा लावला. भावोजी लाल फडकं घेऊन कुत्र्यांना आणि माणसांना लांब ठेवत होते. मी मारलं. छर्रा फुग्याच्या वीतभर खाली गेला. पुन्हा मारलं, पुन्हा तेच.

"बघ," मी म्हटलं.

तू गेलीस, फुग्यांची फळी उचललीस, निम्म्या अंतरावर आणून ठेवलीस. "आता मार."

फुगा फुटला. मी म्हटलं, "एवढ्या जवळून कोणीही मारेल. मग मजा काय?"

"जवळून चुकला की माणूस पुन्हा मारतो. लांबून चुकला की निघून जातो," तू म्हणालीस. मग स्वतःच विचारात पडलीस. "पण तू म्हणतेस तेपण खरं हाय. फुगा जवळून कुणीपण फोडंल. आणि फुग्याला एवढा मोठा छर्रा कशाला? दुसरं काहीतरी पायजे. पडेल असं काहीतरी."

भावोजी तिथेच होते. त्यांनी मोडक्या मासळीच्या पेटीची एक फळी घेतली आणि कोयत्याने तिला गोल आकार देऊन शेपटी कोरली. पापलेट. वाळूत बसवलेल्या लाकडावर ते उभं केलं. मी तुझ्या जुन्या एक नंबरच्या बंदुकीने मारलं, तर पापलेट थरथरलं आणि उभंच राहिलं. थकल्या बंदुकीने दोन नंबरचा मारला. पापलेट मागच्या मागे आडवं.

"पडला गो!" तू ओरडलीस. किनाऱ्यावर सुकी मासळी उलटणाऱ्या बाया मान वर करून बघायला लागल्या.

माझ्यातली प्रयोगशाळेतली बाई तेव्हा जागी झाली. मी डबे तपासले, चपट्या तोंडाचे छर्रे वेगळे केले, कारण चपटं तोंड लाकडाला ढकलतं, टोकदार त्यात रुतून बसतं. तुझ्या अंतराला माझे चपटे छर्रे, असं आपलं जमलं. भावोजींनी आठवडाभर बसून पापलेटं केली, सुरमई केली, आणि एक बोंबील केला, बोटाएवढा रुंद, उभा. तो पाडायचा म्हणजे कौशल्य. मी गिऱ्हाइकांसाठी डोळ्यांवर घालायचे चष्मे आणले. तू म्हणालीस, जत्रेत चष्मा कोण घालणार? मी म्हटलं, चष्म्याशिवाय बंदूक मिळणार नाही. ते भांडण मी जिंकले, ते मात्र तू कुणाला सांगितलं नाहीस.

त्यानंतरची पहिली जत्रा मी कधी विसरणार नाही. फुग्यांच्या स्टॉलला लोक ओळखून होते, मासे पाडायचा खेळ कुणी बघितला नव्हता. कारखान्यातली हिंदी बोलणारी पोरं आली, डोंगराकडची कुटुंबं नवे कपडे घालून आली. तू खुर्चीवर बसून, बूड मांडीला टेकवून, डाव्या हाताने बंदूक चढवून देत होतीस. एकाने विचारलं, "दीदी, बोंबिल गिराया तो क्या मिलेगा?"

"बोंबील," तू म्हणालीस आणि सुक्या बोंबलांची जुडी वर करून दाखवलीस.

"और पापलेट गिराया तो?"

"तो फुगा मिलेगा. पापलेट देऊ लागले तर माझं घर विकाया लागंल!"

सगळी रांग हसली. तो हिंदीवाला जुडी घेऊनच गेला, दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन आला.

एक अख्खा हंगाम तू तसा काढलास. केळवे, चिंचणी, महालक्ष्मीची जत्रा. दुखणं आतून परत वाढतंय हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. तुला होतं की नव्हतं, ते मी अजून ठरवू शकले नाही.

मग डावा हातही थकायला लागला. बंदूक थकली होती त्याहून तू जास्त थकलीस. आणि इथे मी तुझ्याशी भांडणार आहे, ताई, कारण हे भांडण अर्धं राहिलं. मी ती टाकीची बंदूक शेठांच्या मुलाकडून स्वतःसाठी घेतली, टाकी भरली, चादरीत गुंडाळून मुरब्याला आणली. तू पडवीत खाटेवर होतीस. मी ती तुझ्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, एका बोटाचं काम आहे, येत्या जत्रेला चल, बसून चालव. तू बोटाने खटका ओढून बघितलास. नळीवरून हात फिरवलास.

"चांगली हाय गो," तू म्हणालीस. "तुझ्यासारखी हाय. सगळं आत भरून ठेवायचं."

"चेष्टा करू नको. येतेस का?"

"नाय."

"का?"

"मला नाय पायजे, म्हणून."

मी रागावून निघून आले. त्या जत्रेला स्टॉल लागला नाही. पुढच्या रविवारी आले तेव्हा आपण बोंबलाच्या कालवणावर बोललो, भावोजींच्या दातावर बोललो, बंदुकीवर नाही. त्याच्या पुढच्या रविवारपर्यंत तू थांबली नाहीस.

मी अजून म्हणते, तुझं चुकलं. तू आली असतीस तर आणखी एक जत्रा तुझ्या वाट्याला आली असती. रांग हसली असती. दुसऱ्याने भरलेली हवा म्हणजे काही भीक नव्हे. माणसं एकमेकांसाठी एवढं करतात, आणि तू माझ्यासाठी किती केलंस ते तुला माहीतच नव्हतं, मग एक टाकी भरायला मला का दिली नाहीस? याचं उत्तर तुझ्याकडे नक्की असणार, आणि ते मला पटलं नसतं, आणि आपण वाणगावपर्यंत भांडत गेलो असतो. ते सगळं मला हवं होतं. तरीही तुझ्यावर राग धरून बसणं मला जमत नाही. तुला काय पाहिजे आणि काय नको, हे शेवटपर्यंत तू ठरवलंस. अशी बाई मी जवळून बघितली, यातच मला पुष्कळ मिळालं.

तर डब्यांचं काय केलं ते सांगते. चैत्रातल्या जत्रेला मी स्टॉल लावला. भावोजी म्हणाले, मला यातलं काय कळत नाय, पण बोंबलांच्या जुड्या बांधून देईन. मी फळीवर आधी माझी टाकीची बंदूक ठेवली, कारण माझं म्हणणं मला सिद्ध करायचं होतं. तुझे छर्रे तिच्यातून असे सरळ गेले की पहिल्या तासात मोटरसायकलवाल्या चौघांनी बोंबील पाडपाडून जुड्यांची रांग रिकामी केली. मी माशांची फळी मागे नेली. लोक चुकले आणि निघून गेले. मी फळी पुढे आणली. तू कुठून बघत असशील तर हसून घे, मी काही बोलणार नाही.

मग मी तुझी थकलेली बंदूकही शेजारी ठेवली. ज्यांना हौस, त्यांना तुझी. ज्यांच्या हातात जोर नाही, त्यांना माझी. असं वाटून दिल्यावर स्टॉल लागला मार्गाला. एक आजोबा आले, ज्यांचे हात कापत होते. पोटुशी बाई आली. प्रत्येकाला चष्मा घातला.

संध्याकाळी डोंगराकडच्या तीन बाया आल्या. कामावरून गावी परतत होत्या, डोक्यावर गाठोडी, एकीचं मनगट प्लास्टरमध्ये. ती फळीशी उभी राहून नुसती बघत होती. मी टाकीची बंदूक तिच्यापुढे फळीवर टेकवून ठेवली, खटका कसा ओढायचा ते दाखवलं. तिने एका बोटाने ओढला, डोळा बारीक केला आणि सुरमई आडवी केली. तिघी अशा हसल्या की शेजारचा पाळणेवाला वळून बघायला लागला.

त्यातल्या वयस्कर बाईने मला वरून खाली न्याहाळलं. माझं बोलणं तिला इकडचं वाटलं नसावं.

"बाय, तुमी कंच्या गावच्या?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला आणि मी दर वेळी मिरज म्हणत आले.

"मुरब्याची," मी म्हटलं.

मागे बसलेल्या भावोजींचे हात थांबले. मग त्यांनी सुतळीला गाठ मारली, जुडी पुढे सरकवली आणि म्हणाले, "हिला दे. सुरमई पाडली तिनं."